फुल लॉकमध्ये पुढचं चाक सरळ घसरतं: आधी इंजिन बंद करून बघा

हँडल एका बाजूला पार शेवटपर्यंत वळवलेलं, म्हणजे फुल लॉक. पहिला गिअर, चालण्याइतका वेग. समोरच्या झाडाला वळसा घालून परत ओढ्यात उतरायचं आहे. आणि नेमकं तिथे पुढचं चाक वळायचं सोडून, आहे तसं आडवंच, बाहेरच्या बाजूला फरफटत निघतं. पाय टेकावाच लागतो.

ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की साध्या क्लब ट्रायलमध्ये शर्यत नसते. आखून दिलेल्या छोट्या टप्प्यातून, म्हणजे सेक्शनमधून, पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३. पडलात, हद्दीच्या बाहेर गेलात किंवा सेक्शन अर्धवट सुटलं तर ५. दिवसअखेर ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. मोठ्या दगडांवर माझे गुण जातात तेव्हा वाईट वाटत नाही, ते दगडच तसे असतात. पण सपाट जमिनीवरच्या वळणात १ लागला की दिवसभर मनात राहतो.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये शेफील्डला असतो. इथे रविवारी सकाळी शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या ओढ्यात, रानात, जुन्या दगडखाणीत ट्रायल होतात. माझी गाडी सेकंडहँड, २५० सीसी, टू-स्ट्रोक. हा त्रास मला तीन वेळा झाला. प्रत्येक वेळी लक्षण हेच, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं. पहिल्यांदा टायर आणि त्यातली हवा, दुसऱ्यांदा क्लच, तिसऱ्यांदा मी स्वतः. मधले कित्येक महिने मी चुकीच्या जागी पाना लावत होतो. आता पुण्या-नाशिककडून मित्रांचे हेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

हे होतं का

मागचं चाक गाडीला सरळ पुढे ढकलतं. पुढचं चाक मात्र वळलेल्या दिशेने लोळायला बघतं. रस्त्यावरच्या वळणात या दोन दिशांमध्ये थोडासाच फरक असतो. ट्रायल्स गाडीचं हँडल रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त वळतं, त्यामुळे फुल लॉकमध्ये पुढचं चाक गाडीच्या अंगाशी जवळजवळ आडवं होतं. आता मागून जे काही ढकलणं येईल त्यातला फार थोडा भाग चाक लोळवायला उपयोगी पडतो, बाकीचा त्याला आडवं रेटतो. ते रेटणं अडवायला फक्त पुढच्या टायरची पकड असते, आणि ती पकड पुढच्या चाकावर वजन किती आहे यावर ठरते.

म्हणजे बिघडायच्या जागा तीनच. पुढच्या टायरची पकड कमी आहे, किंवा मागून ढकलणं जास्त किंवा झटक्याने येतंय, किंवा पुढच्या चाकावर वजनच नाही. खाली जे काही लिहिलंय ते या तीनपैकी कुठल्या तरी एका खणात बसतं.

पहिली चाचणी, पाना हातात घेण्याआधी

गवताचा हलका उतार शोधा. गाडी आपोआप चालण्याच्या वेगाने खाली येईल इतकाच उतार हवा. न्यूट्रल टाका, इंजिन बंद करा. उतारावर दोन डबे किंवा दगड साधारण तीन मीटर अंतरावर ठेवा आणि उभं राहून, पाय न टेकता, त्यांच्यामधून इंग्रजी एसच्या आकारात खाली या. डावीकडे दहा वळणं, उजवीकडे दहा. कितींदा पुढचं चाक सुटलं ते लिहून ठेवा. मग तीच वळणं सपाटीवर, इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये.

इंजिन बंद असताना क्लच नाही, रेस नाही, आयडलिंग नाही. राहिलं काय, तर टायर, सस्पेन्शन आणि तुम्ही. त्यामुळे बंद इंजिनावर वळणं नीट जात असतील आणि चालू इंजिनावर चाक सुटत असेल, तर मागून येणाऱ्या ढकलण्यात दोष आहे: क्लच, आयडलिंग, थ्रॉटल. बंद इंजिनावरही सुटत असेल तर टायर आणि शरीराची जागा बघायची. आणि एकाच बाजूला सुटत असेल, तर दोष बहुतेक हातांच्या पोचेत किंवा केबलमध्ये असतो.

मातीवरची खूणही वाचा. पकड असलेल्या टायरचे ठोकळे मातीत एकेक करून स्पष्ट उमटतात. फरफटलेल्या टायरचा गुळगुळीत पट्टा पडतो. तो पट्टा वळणाच्या सुरुवातीला आहे, मध्यावर आहे की बाहेर पडताना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरुवातीलाच असेल तर आपण वेगात आत शिरलोय. बाहेर पडताना असेल तर हँडल सरळ होण्याआधी रेस दिली आहे.

हवा

माझा पहिला दोष इथे होता, आणि तो वर्षभर लपून राहिला, कारण मी दर रविवारी हवा मोजत होतो.

ट्रायल्सच्या टायरमध्ये हवा किती कमी असते हे ऐकून भारतातले मित्र चकित होतात. माझं वजन ७८ किलो. मी मागे ४ पीएसआय ठेवतो आणि पुढे ६. रस्त्यावरच्या मोटरसायकलमध्ये तिशीच्या आसपास असते. मागचा टायर ट्यूबलेस, मऊ बाजूंचा, १८ इंची रिमवरचा. पुढचा २१ इंची, आत ट्यूब. एवढ्या कमी हवेवर टायर दगडाला कवटाळतो आणि पकड तिथूनच येते. पण एवढ्या कमी हवेत अर्ध्या पीएसआयचाही फरक जाणवतो, म्हणून गेज ० ते १५ पीएसआयचा हवा. पेट्रोल पंपावरच्या गेजवर ४ आणि ६ मधला फरक वाचताच येत नाही.

माझं चुकत कुठे होतं? मी हवा शनिवारी रात्री घरातल्या उबेत मोजत होतो. घरात २० अंश सेल्सिअस, आणि रविवारी सकाळी रानात ५ अंश. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, आणि हा हिशेब गेजवरच्या आकड्यावर चालत नाही. त्यात आधी वातावरणाचा १४.७ पीएसआय मिळवावा लागतो. पुढच्या टायरचे ६ अधिक १४.७ म्हणजे २०.७. तापमान २० वरून ५ वर आलं की हा आकडा साधारण १९.६ होतो. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर उरतात ४.९. म्हणजे मी ६ भरून निघायचो आणि सेक्शनमध्ये ५ पेक्षाही कमी हवेवर गाडी चालवायचो. मागच्या ४ चे ३ व्हायचे. रस्त्यावरच्या गाडीत ३० पैकी दोन-अडीच पीएसआय गेले तर कुणाला कळणारही नाही. इथे मागच्या टायरची पाव हवा जाते.

पुढे हवा कमी पडली की फुल लॉकमध्ये टायरची बाजू दुमडते. ठोकळे मातीत रुतण्याऐवजी टायर स्वतःच्या कुशीवर लोळतो आणि हातांना हँडल लोण्यात फिरवल्यासारखं लागतं. हवा जास्त झाली तर याच्या उलट: टायर कडक होतो, जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि चाक काचेवरून गेल्यासारखं निसटतं. दोन्हींचा शेवट पाय टेकण्यातच होतो, पण हाताला लागणारी जाणीव वेगळी आहे. ती ओळखायला शिका. एक दिवस मुद्दाम ४, मग ६, मग ९ भरून तेच वळण मारून बघा.

महाराष्ट्रात गणित उलटं चालेल. पहाटे २० अंशांत ६ भरले आणि दुपारी गाडी उन्हात उभी राहून टायर ४५ अंशांवर गेला, तर तेच ६ पावणेआठच्या आसपास जातात. उपाय दोन्हीकडे एकच: जिथे चालवायची तिथे गाडी अर्धा तास उभी करा, सावलीत, आणि मग हवा मोजा.

हवा सुधारल्यावर माझा त्रास अर्धा गेला. उरलेला अर्धा टायरच्या वयात होता. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. माझ्या पुढच्या टायरचे ठोकळे अगदी नवे दिसत होते, म्हणून मी आकडे कधी वाचलेच नव्हते. वाचले तेव्हा टायर नऊ वर्षांचा निघाला. रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. ठोकळ्यांची उंची सगळे बघतात, रबराचं वय फार थोडे बघतात. सेकंडहँड गाडी घेताना हे आकडे आधी वाचा.

क्लच

आठ-दहा महिने गाडी सुरेख चालली आणि मग त्रास परत आला. मी लगेच गेज काढला. हवा बरोबर होती. दोन रविवार त्यातच गेले. उताराची चाचणी मला तेव्हा आमच्याकडच्या एका जुन्या निरीक्षकांनी, म्हणजे सेक्शनमध्ये उभं राहून गुण मोजणाऱ्यांनी, दाखवली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पन्नासेक वर्षं ट्रायल्स बघतोय. बंद इंजिनावर माझी वीसच्या वीस वळणं स्वच्छ गेली. इंजिन चालू केलं आणि तिसऱ्याच वळणाला चाक सुटलं.

क्लच पूर्ण सुटत नव्हता. लिव्हर दाबलेली असतानाही गाडी हळूच पुढे रेटली जात होती. सरळ चालताना हे जाणवतही नाही. फुल लॉकमध्ये मात्र तेवढं रेटणं पुढच्या चाकाला आडवं ढकलायला पुरतं.

तपासायचं असं: इंजिन गरम करा, गाडी सपाट गवतावर घ्या, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबा आणि थोडी रेस द्या. गाडी सरकायला लागली, किंवा इंजिन चालू असताना गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागे ढकलता आली नाही, तर क्लच चिकटतोय. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक फिरतंय का हे बघून मात्र काही ठरवू नका. तेलाच्या ओढीने ते थोडं फिरतंच.

कारणं स्वस्तापासून महागाकडे बघत जा.

लिव्हरची पोच आधी बघा. बोटापासून लिव्हर फार जवळ आणून ठेवली असेल तर पूर्ण दाबायच्या आत ती ग्रिपला टेकते.

मग लाइनमधली हवा. आजच्या ट्रायल्स गाड्यांचा क्लच हायड्रॉलिक असतो. तेलात हवेचा बुडबुडा असेल तर लिव्हर स्पंजासारखी लागते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. हवा वरून काढण्यापेक्षा खालून इंजेक्शनच्या सिरिंजने तेल हळूहळू वर चढवलेलं चांगलं, कारण बुडबुड्याला वर जायचंच असतं. हँडल अशा बाजूला वळवून ठेवा की लिव्हरजवळची तेलाची टाकी सगळ्यात उंच राहील, आणि टाकी भरून वाहणार नाही इकडे लक्ष ठेवा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आत काही ओतू नका. काही क्लचना डॉट ४ ब्रेक ऑइल लागतं, काहींना मिनरल ऑइल. एकात दुसरं गेलं की रबरी सील फुगतात आणि पूर्ण संच बदलावा लागतो. दोन्ही तेलं बाटलीत सारखीच निरुपद्रवी दिसतात.

माझं तेल चहासारखं तपकिरी झालं होतं. बदललं, त्रास गेला. दीड महिन्याने परत आला, तेव्हा क्लचच्या खालच्या सिलिंडरचा सील झिरपत असल्याचं दिसलं. तेल गळून बाहेर दिसण्याइतकं नव्हतं, पण हवा आत शिरण्याइतकं होतं. म्हणून ब्लीड केल्यावर, म्हणजे लाइनमधली हवा काढल्यावर, त्रास जाऊन परत आला तर पुन्हा ब्लीड करत बसू नका, हवा शिरते कुठून ते शोधा.

त्यानंतर गिअरबॉक्सचं तेल. टू-स्ट्रोक ट्रायल्स गाडीत ते इंजिनपासून वेगळं असतं. घट्ट तेल थंडीत क्लचच्या प्लेटांना एकमेकींशी चिकटवून ठेवतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेला ग्रेडच वापरा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, पुढेमागे झुलवा म्हणजे रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग पाच मिनिटं इंजिन गरम होऊ द्या. थंड गाडीवर क्लचबद्दल काही मत बनवू नका.

सगळ्यात शेवटी प्लेटा उघडा. काही गाड्यांमध्ये फायबर प्लेटांवरचा गोंद कडेने बाहेर आलेला असतो आणि तोच चिकटतो. बारीक पातीने तो खरवडून काढला की मोठा फरक पडतो. नव्या प्लेटा बसवण्याआधी गिअरबॉक्सच्याच तेलात भिजत ठेवायच्या.

आयडलिंग, थ्रॉटल आणि केबल

इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. इंजिनचा आवाज बदलला तर थ्रॉटलची केबल कुठेतरी ताणली जातेय, बहुतेक पेट्रोलच्या टाकीखाली किंवा कुणीतरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्टीत. म्हणजे तुम्ही वळता आणि गाडी आपोआप रेस घेते. हा दोष एकाच बाजूच्या वळणात दिसतो, आणि अर्ध्या मिनिटात सापडतो.

दुसरं, थोडी रेस देऊन सोडा. आवाज ताबडतोब खाली आला पाहिजे. हळूहळू, रेंगाळत उतरत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरातून जास्तीची हवा शिरतेय. आयडलिंगचा स्क्रू मागे फिरवून हे लपवता येतं, पण मग गाडी वळणात बंद पडायला लागते आणि तुम्ही एका दोषाऐवजी दोन शोधत बसता. रबराला भेग आहे का बघा, क्लॅम्प आवळा, कार्ब्युरेटरचा बारीक जेट साफ करा.

रेस झटक्याने येते असं वाटत असेल तर हळू उघडणारी थ्रॉटल नळी मिळते. मनगट तेवढंच फिरलं तरी केबल कमी ओढली जाते. चिखलाच्या ऋतूत मी तीच वापरतो. ग्रिपच्या टोकाशी माती अडकून थ्रॉटल परत फिरायला अडखळत असेल तर मात्र नळी बदलून काही होणार नाही. तिथे पाणी आणि ब्रश लागेल.

हात कुठे पोचतात

उजवीकडे फुल लॉक केलं की डावा हात पुढे जातो आणि क्लचची लिव्हर बोटापासून लांब पळते. डावीकडे फुल लॉक केलं की उजवा हात ताणला जातो आणि ताणलेलं मनगट थ्रॉटलवर स्थिर राहत नाही. तुमची उजवी वळणं खराब असतील तर आधी लिव्हर बघा. गाडी उभी करून उजवीकडे पूर्ण लॉक करा. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकाशी आरामात बसलं पाहिजे. बसत नसेल तर लिव्हरचा क्लॅम्प हँडलवर आत सरकवा आणि पोचेचा स्क्रू फिरवा. ट्रायल्समध्ये क्लचलाही एकच बोट आणि ब्रेकलाही एकच, बाकीची बोटं हँडल धरायला. क्लॅम्प इतकेच आवळा की गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही.

हँडल फार मागे ओढून बसवलेलं असेल तर तुमचं वजनही मागे जातं. माझं मी पुढच्या फोर्कच्या रेषेत ठेवलंय आणि क्लॅम्पपाशी रंगाची बारीक खूण केली आहे, म्हणजे गाडी पडल्यावर ते सरकलं की लगेच कळतं.

दोन गोष्टी झटपट. पुढचं चाक उचलून हँडल बोटाने टिचकी मारल्यासारखं ढकला, ते स्वतःच्या वजनाने कडेला पडलं पाहिजे. मध्ये अडखळलं तर हेड बेअरिंग गेलंय. आणि तुम्ही उभे असताना मागचं सस्पेन्शन फार दबत असेल, माझ्या अंदाजाने एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तर गाडी मागे बसते आणि पुढचं हलकं होतं. स्प्रिंग थोडी आवळा.

गाडीच्या बारीकसारीक गोष्टींवर एवढा वेळ घालवणं काहींना जास्तीचं वाटतं. मला वाटत नाही. ट्रायल्समधले दिग्गज सॅमी मिलर यांनी आपल्या ५०० सीसी एरियल मोटरसायकलचा प्रत्येक भाग हलका करण्यात वर्षं घालवली, आणि मग १९६५ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली ती बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोकवर, जी घडवण्यात त्यांचाच हात होता. चालवणाऱ्याने गाडी स्वतःच्या हाताने जुळवायची, हे या खेळात अगदी मुरलेलं आहे.

आणि मग मी

तिसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा बंद इंजिनावरही चाक सुटत होतं. टायर नवा होता, हवा रानातच मोजलेली. निरीक्षक आजोबांनी माझी गाडी मागितली आणि त्याच डब्यांमधून सहज खाली आणली. मला मग मान्य करावं लागलं.

बायकोला मागून मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितलं. दिसलं ते असं: डावीकडे वळताना मी गाडीबरोबर स्वतःही डावीकडे कलत होतो, वजन आतल्या फुटरेस्टवर, कंबर मागे आणि नजर पुढच्या टायरवर.

रस्त्यावर वळणात आपण गाडीच्या बरोबर कलतो, आणि शरीराला ती सवय लागलेली असते. एवढ्या हळू वेगात ती उपयोगाची नाही. इथे गाडी आत आणि आपण बाहेर. डावीकडे वळताना गाडीला डावीकडे झुकू द्या, पण कंबर उजवीकडे न्या आणि उजव्या पायाने, म्हणजे बाहेरच्या पायाने, फुटरेस्ट खाली दाबा. पायाचा चवडा फुटरेस्टवर हवा, टाच नाही. आतला गुडघा सैल सोडा, गाडीला झुकायला जागा द्या. बाहेरच्या पायाने दाबलं की वजन टायरमधून सरळ जमिनीत उतरतं. आतल्या पायावर उभे राहिलात की तेच वजन टायरला बाहेर सरकवतं.

खांदे हँडलच्या बरोबर फिरले पाहिजेत. छाती वळणाच्या बाहेर पडण्याच्या दिशेकडे. बाहेरचा हात जवळजवळ सरळ, आतलं कोपर मागे. खांदे फिरले नाहीत तर हात हँडल पूर्ण वळू देत नाहीत आणि आपल्याला वाटतं की गाडीच वळत नाही.

हनुवटी हँडलच्या क्लॅम्पच्या वर आणा. पुढे वजन आलं की पुढचं चाक सुटेल अशी भीती वाटते म्हणून नवे लोक मागे सरकतात, आणि नेमकं त्यामुळेच ते सुटतं. मी स्वतःला दोन महिने फक्त "हनुवटी पुढे" एवढंच सांगत होतो.

नजर पुढच्या खुणेवर, टायरवर नाही. मला हे सगळ्यात कठीण गेलं. आता मी वळायच्या आधीच पुढची खूण मोठ्याने म्हणतो, "ते झाड", आणि मान तिकडे वळवतो.

आता इंजिनाचं. वेग कमी करायचा तो हँडल पूर्ण वळण्याआधी. लॉकमध्ये गेल्यावर पुढच्या ब्रेकवरचं बोट उचला. शेवाळावर पुढचा ब्रेक लागला की काही उरत नाही. थ्रॉटल एका जागी स्थिर, क्लच अर्धवट सुटलेला, आणि मागचा ब्रेक पायाने अगदी हलका लावलेला. हे एकमेकांविरुद्ध वाटेल, पण त्याने ढकलणं एकसारखं राहतं. विहिरीतून भरलेला पोहरा वर काढताना दोर जसा एका लयीत ओढतो, तसं. दोर सैल सोडला तर पोहरा आपटतो, हिसका दिला तर पाणी सांडतं. वळण संपून हँडल सरळ व्हायला लागलं की मग रेस. त्याआधी एक कणही नाही.

आणि वाट. पायी सेक्शन बघताना पुढच्या चाकाला टेकू देईल असं काहीतरी शोधा: दगडाची कड, आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीची कडा, मातीचा छोटा बांध. बाहेरून रुंद शिरा, उशिरा वळा. ओल्या मुळावर कधीही भरवसा ठेवू नका, विशेषतः तिरक्या.

रोजचा सराव

आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज १५ मिनिटं बरी. मी संध्याकाळी दोन रिकाम्या रंगाच्या डब्यांभोवती आठचा आकडा काढतो. तीन मीटर अंतरापासून सुरुवात, दहा आकडे स्वच्छ झाले की डबे एक पाऊल जवळ. जी बाजू कच्ची तिला दुप्पट वेळ. दमलो की थांबतो, कारण दमल्यावर कंबर मागे जाते आणि शरीर चुकीचं शिकतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा: तारीख, तापमान, हवा, काय बदललं, डावीकडे किती सुटली, उजवीकडे किती. वही नसती तर माझा झिरपणारा सील अजून सापडला नसता.

भारतातल्या मित्रांपैकी बहुतेक जण हीरो एक्सपल्ससारख्या गाडीवर हे करतात, आणि करावं. पण ती गाडी दीडशे किलोच्या वर आहे, ट्रायल्स गाडी सत्तरच्या आसपास. तिचं हँडलही इतकं वळत नाही. माझे ४ आणि ६ हे आकडे तिथे वापरू नका, ट्यूब रिमखाली चिरडेल आणि व्हॉल्व्ह उपटेल. बंद इंजिनाची चाचणी, केबलची चाचणी, लिव्हरची पोच, बाहेरचा पाय, हनुवटी, नजर, हे सगळं जसंच्या तसं लागू होतं. फक्त उतार अजून हलका घ्या. कातळावर पसरलेल्या सुट्या मुरुमावर सराव सुरू करू नका. तिथे कुणाचंही चाक सुटतं आणि त्यातून काही कळत नाही. आधी गवत किंवा ओलसर काळी माती. घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड घाला, वेग कमी असला तरी गाडी पायावरच पडते. आणि गडाच्या वाटा, गायरान, कुणाचं शेत यात न विचारता शिरू नका. इथेही शेतकरी हो म्हणतो म्हणूनच आमचा रविवार होतो.

इतकं करूनही चाक सुटत असेल तर मला जरूर विचारा. विचारताना तीन गोष्टी लिहा: हवा किती होती आणि ती कुठे, किती वाजता मोजली, चाक डावीकडे सुटतं, उजवीकडे की दोन्हीकडे, आणि इंजिन बंद ठेवून उतारावर वीसपैकी किती वळणं स्वच्छ गेली. मागून काढलेलं दहा सेकंदांचं चित्रीकरण जोडलंत तर फारच बरं, फक्त त्यात कंबर आणि दोन्ही पाय दिसू द्या.